महाराष्ट्र फिल्म कंपनी, कोल्हापूर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूकपटांच्या काळाबद्दल लिहिलं की वाचकांचे प्रश्न हटकून येतात, आणि त्यातले बरेचसे फिरून फिरून बाबूराव पेंटर यांच्या कंपनीपाशी येऊन थांबतात. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना साल हवं असतं, कोल्हापूरकरांना जागा हवी असते, आणि प्रभात फिल्म कंपनीपासून मराठी सिनेमा ओळखणाऱ्यांना त्याआधी काय होतं ते हवं असतं. तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, फक्त त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही कंपनी कोणाची, कुठली, आणि तिचं एवढं काय?

कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी उभी केलेली ही मूकपटांची कंपनी. ‘सैरंध्री’ (१९२०) हा तिचा पहिला चित्रपट. पुढच्या दहा वर्षांत पौराणिक, ऐतिहासिक आणि सामाजिक असे तिन्ही प्रकारचे मूकपट तिने काढले. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर, बाबूराव पेंढारकर ही सगळी मंडळी याच आवारात सिनेमा शिकली. यातल्या कोणाच्याही हाती सिनेमाची पदवी नव्हती, कारण तशी पदवी तेव्हा कुठेच मिळत नव्हती. पडदे रंगवणारे, सुतारकाम जाणणारे, यंत्र उघडून परत जोडू शकणारे हात मात्र होते. कंपनी त्या हातांवर उभी राहिली, आणि खालची बरीच उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतील.

२. स्थापना १९१७ ची की १९१८ ची? वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळं साल का?

कोल्हापुरात १ डिसेंबर १९१७ हा स्थापनेचा दिवस मानतात आणि दरवर्षी १ डिसेंबरला त्याची आठवण ठेवतात. बऱ्याच संदर्भग्रंथांत १९१८ असतं, कारण कंपनीचा कॅमेरा त्या साली कामाला लागण्याजोगा झाला. काही जण तर थेट १९२० पासून मोजतात, कारण चित्रपट त्या साली पडद्यावर आला.

माझ्या मते हा नुसता तारखेचा घोळ नाही. नोंदणी झाली, पाटी लागली आणि कंपनी सुरू झाली, असं इथे झालंच नाही. १९१३ मध्ये डोक्यात शिरलेली कल्पना १९२० मध्ये लोकांनी तिकीट काढून पाहिली. मधली सात वर्षं कर्ज, मृत्यू, महायुद्ध आणि कानशीने पितळ घासण्यात गेली (प्रश्न ४ ते ६ पाहा). परीक्षेपुरतं विचाराल तर तुमच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकात जे साल असेल ते लिहा. समजून घ्यायचं असेल तर तिन्ही सालं लक्षात ठेवा आणि कोणत्या साली काय झालं तेही.

३. मग ही भारतातली पहिली फिल्म कंपनी म्हणायची का?

नाही. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झाला आणि त्यांची फाळके फिल्म्स ही संस्था त्याच सुमाराची. मुंबईत पाटणकरांची मंडळीही चित्रपट काढू लागली होती. नाशिकची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी १९१८ ची, म्हणजे कोल्हापूरच्या अगदी बरोबरीची. पण नाशिकच्या कंपनीमागे मुंबईचे भांडवलदार होते, तिचा व्यवहार भागीदारीचा होता. कोल्हापुरात असा एकही शेटजी नव्हता (पैशाबद्दल प्रश्न ६ पाहा). ‘पहिली’ हा मान कोल्हापूरला द्यायचाच असेल तर तो एवढ्यापुरता द्यावा, की संस्थानी गावात, स्थानिक कारागिरांच्या बळावर उभी राहून टिकलेली ही पहिली महत्त्वाची कंपनी. तेवढाही मान लहान नाही.

४. बाबूरावांचं खरं आडनाव काय? आनंदराव पेंटर हे कोण?

आडनाव मेस्त्री. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म ३ जून १८९०, कोल्हापूर. घराणं कारागिरांचं. आनंदराव हे त्यांचे आतेभाऊ की मामेभाऊ अशी विचारणा नेहमी होते. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की दोघं भावासारखे एकत्र वाढले, एकत्र शिकले आणि एकत्रच नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसारख्या मंडळ्यांसाठी त्यांनी केलेल्या पडद्यांमुळे ‘पेंटर’ हीच त्यांची ओळख झाली.

आनंदरावांना आपण फार लवकर विसरलो. सिनेमा काढायचा हा ध्यास दोघांचा होता, कॅमेरा स्वतः बनवायचा हा हट्टही दोघांचा होता. १९१६ मध्ये आनंदराव गेले. कंपनी उभी राहिलेली त्यांना पाहायला मिळाली नाही. संस्थापक म्हणून एकट्या बाबूरावांचं नाव लिहिलं जातं आणि कागदोपत्री ते बरोबरच आहे. तरी स्थापनेची गोष्ट सांगताना आनंदरावांचं नाव गाळणं हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

५. कॅमेरा खरंच कोल्हापुरात हाताने बनवला, की ही दंतकथा आहे?

बनवला. ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिल्यावर दोघा भावांनी आधी चित्रपट दाखवायचा धंदा करून पाहिला, म्हणजे प्रोजेक्टर त्यांच्या हाताखालचा होता. इथेच कॅमेऱ्याचं बीज आहे.

प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांचं काळीज एकच असतं. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला दोन्ही कडांना भोकं असतात, एका चित्रचौकटीला प्रत्येक बाजूला चार. यंत्राने त्या भोकांत दात अडकवून फिल्म बरोबर एक चौकट खाली ओढायची, क्षणभर अगदी निश्चल धरायची, तेवढ्यात झडप उघडून मिटायची आणि मग पुढची चौकट ओढायची. हे सेकंदाला साधारण १६ वेळा. हँडल हाताने फिरवायचं, सेकंदाला दोन फेरे. एका फुटात १६ चौकटी बसतात, म्हणजे सेकंदाला एक फूट फिल्म जाते. ओढण्यात केसभर फरक पडला तर पडद्यावर चित्र थरथरतं, कारण तिथे तो फरक शेकडो पटींनी मोठा होतो. डब्यात कुठून प्रकाशाची तिरीप शिरली तर फिल्म वाया.

आता कोल्हापुरात हे करायचं म्हणजे काय करायचं, ते डोळ्यांसमोर आणा. तयार आराखडा नाही, सुटे भाग नाहीत, शिकवायला कोणी नाही. दात असलेलं प्रत्येक चाक मोजून कापायचं, लावून बघायचं, अडलं की परत घासायचं. त्यात १९१४ पासून महायुद्ध, त्यामुळे विलायती माल महाग आणि बेभरवशाचा. बाहेरून कॅमेरा आणण्यापेक्षा तो बनवणं हा निव्वळ अभिमानाचा भाग नव्हता, त्यात व्यवहारही होता. आनंदरावांच्या मृत्यूनंतर बाबूरावांनी दामल्यांच्या साथीने हे काम तडीस नेलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालला.

एक खुलासा मात्र हवा. कच्ची फिल्म परदेशातूनच यायची. ‘सगळंच स्वदेशी’ असं काही लेखांत वाचायला मिळतं, ते खरं नाही.

६. पैसा कोणी घातला?

तानीबाई कागलकर या गायिकेने. कंपनीच्या स्थापनेची ही बाजू शाळेच्या पुस्तकांत क्वचितच येते. सिनेमा हा तेव्हा सावकारांच्या लेखी तमाशाहून हलका धंदा होता. तारण काय ठेवणार, हा त्यांचा पहिला प्रश्न. अशा वेळी गाण्यावर उभं राहिलेल्या एका बाईने आपला पैसा एका चित्रकाराच्या न चाललेल्या यंत्रावर लावला. आकडा किती, याबद्दल बरंच लिहिलं-बोललं जातं. मला त्याहून हे मोलाचं वाटतं, की कलेला पहिला पैसा कलेच्याच घरातून मिळाला.

७. शाहू महाराजांनी कंपनी काढली, असं आमच्याकडे म्हणतात. खरं का?

कंपनी बाबूरावांनीच काढली. महाराजांनी आश्रय आणि मदत दिली, आणि संस्थानात त्याचं वजन मोठं होतं. पण मदतीपेक्षाही त्यांनी घडवलेलं गाव जास्त कामी आलं. गायन, नाटक, चित्रकला आणि कुस्ती यांना कोल्हापुरात दरबारी मान होता. १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभं राहिलं, तेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. त्यामुळे पडदे रंगवणारा, गाणारा, दागिने घडवणारा आणि आखाड्यात कमावलेल्या शरीराचा भीम असे सगळे एका गावात, हाकेच्या अंतरावर मिळत होते.

८. ‘सैरंध्री’ आधी कुठे लागला? ‘सिनेमा केसरी’ ही पदवी कोणाची?

पुण्याच्या आर्यन चित्रगृहात, ७ फेब्रुवारी १९२० रोजी. पदवी बाबूरावांची, ती लोकमान्य टिळकांनी दिली. १ ऑगस्टला लोकमान्य गेले, म्हणजे हे कौतुक त्यांच्या अखेरच्या महिन्यांतलं.

९. ‘सैरंध्री’त पहिल्यांदा बायकांनी काम केलं, हे बरोबर ना?

बरोबर नाही, आणि ही चूक फार पसरलेली आहे. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये (१९१३) दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले, या दोघींनी आधीच काम केलं होतं. पहिला मान त्यांचा.

तरी ‘सैरंध्री’चं महत्त्व कमी होत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामतीची भूमिका पुरुषाला, अण्णा साळुंके यांना, द्यावी लागल्याला तेव्हा सातच वर्षं झाली होती आणि पडद्यावर पुरुषांनी स्त्रीभूमिका करणं अजून चालूच होतं. बाबूरावांनी गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना घेतलं. पडद्यावर त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी झाली. सिनेमात तोंड रंगवलं म्हणून स्वतःच्या माणसांनीही त्यांना दूर लोटलं. त्या कंपनीच्या आसऱ्याने राहिल्या आणि पुढच्या चित्रपटांतही दिसल्या. परीक्षेत ‘पहिली स्त्री कलाकार’ विचारलं तर दुर्गाबाई-कमलाबाई. पण कंपनीच्या संस्थापकांची यादी मी केली तर या दोघींना त्यात नक्की घालीन, कारण त्यांनी पणाला लावलं ते पैशाहून मोठं होतं.

१०. ‘सैरंध्री’वर सरकारची नजर का पडली? पौराणिक चित्रपटच होता ना?

कथा पौराणिक, पण विराटाच्या दरबारात द्रौपदीवर हात टाकणारा कीचक आणि त्याला मारणारा भीम ही महाराष्ट्रात तेव्हा नुसती पौराणिक गोष्ट राहिली नव्हती. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकात लोकांनी कीचकाच्या जागी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनला पाहिलं आणि सरकारने १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी घातली. दहा वर्षांनी तीच कथा पडद्यावर आली. प्रेक्षकांना वेगळं काही सांगायची गरज नव्हती.

शिवाय कीचकाच्या वधाचं दृश्य इतकं खरं वाटलं, की प्रेक्षागृहात लोक हादरले असं सांगतात. ते दृश्य पुढे कापावं लागलं. सिनेमॅटोग्राफ कायदा १९१८ चा, आणि मुंबईत सेन्सॉर बोर्ड आलं ते १९२० मध्येच, म्हणजे कंपनी आणि सेन्सॉर जवळपास बरोबरच कामाला लागले. हीच गोष्ट पुढे प्रभातच्याही वाट्याला आली. ‘स्वराज्याचं तोरण’ हे नाव चालणार नाही म्हटल्यावर तो चित्रपट ‘उदयकाल’ (१९३०) म्हणून लागला.

११. आवाज नाही, वीज अपुरी. मग चित्रीकरण होई तरी कसं?

उन्हात. उघड्यावर सेट लावायचा आणि सूर्य जाईल तसं काम उरकायचं. ढग आले की सगळे हात बांधून बसणार. ‘सिंहगड’मध्ये (१९२३) मात्र रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला, आणि तानाजीची चढाई रात्रीची वाटली.

बाबूरावांची मोठी कामगिरी सेटमध्ये आहे. ज्याने आयुष्य पडदे रंगवण्यात घालवलं, त्यानेच सिनेमातून रंगवलेला पडदा हद्दपार केला. नाटकात प्रेक्षक एका जागी बसतो, तिथे कापडावर रंगवलेला खांब चालून जातो. कॅमेरा जवळ गेला की तोच खांब सपाट कापड म्हणून उघडा पडतो. हे कळायला चित्रकाराचीच नजर लागते. म्हणून त्यांनी खांब, कमानी, जिने खरोखर उभे केले. प्रसंग चित्रित करण्याआधी ते वेशभूषा आणि पात्रांच्या हालचाली कागदावर रेखाटत. नटाने कुठे उभं राहायचं, उजेड कुठून यायचा, हे चित्रातच ठरलेलं असे.

चित्रगृहात संवादांच्या पाट्या पडद्यावर येत. पेटी-तबला पडद्याजवळ वाजे. वाचता न येणाऱ्यांसाठी शेजारचा कोणीतरी पाट्या मोठ्याने वाचून दाखवी.

१२. शांताराम, दामले, फत्तेलाल हे तिथे नेमकं काय करायचे?

दामले मूळचे पेणचे, यंत्रात डोकं असलेले. फत्तेलाल रंग-रेषांत पक्के. पुढे ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) दोघांची नावं दिग्दर्शक म्हणून जोडीने आली, त्या जोडीची घडण इथली. शांताराम १९२० च्या सुमारास, एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी आले आणि पडेल ते काम करू लागले. झाडणं, सामान उचलणं, फिल्म धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत मदत, आणि वेळ पडली की नट. ‘सिंहगड’मधले शेलारमामा त्यांचेच. ‘नेताजी पालकर’ (१९२७) हा त्यांच्या दिग्दर्शनाचा पहिला अनुभवही याच कंपनीतला.

१३. बाबूराव पेंटर आणि बाबूराव पेंढारकर एकच का?

दोन वेगळी माणसं. पेंटर हे संस्थापक आणि दिग्दर्शक. पेंढारकर हे कंपनीचे व्यवस्थापक, नंतर नामांकित नट, भालजी पेंढारकरांचे थोरले भाऊ. शांताराम त्यांच्या नात्यातले, आणि त्यांच्याच ओळखीने कंपनीत आले.

१४. ‘सावकारी पाश’ १९२५ चा की १९३६ चा?

दोन्ही. १९२५ चा मूकपट महाराष्ट्र फिल्म कंपनीचा, १९३६ चा त्याच कथेवरचा बोलपट, आणि दोन्ही बाबूरावांचेच. कथा नारायण हरी आपटे यांची. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवणारा, जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी पहिल्या चित्रपटात शांतारामांनी उभा केला. अंधारात बुडालेली झोपडी आणि रडणारं कुत्रं, एवढंच असलेला त्यातला एक प्रसंग पाहणाऱ्यांना पुढे कित्येक वर्षं आठवत राहिला. देवादिकांचे चमत्कार पाहायला लोक तिकीट काढत असताना हा चित्रपट काढायला छाती लागते. कंपनीचा एकच चित्रपट परत मिळणार असेल तर मी हाच मागेन.

१५. पोस्टरची सुरुवातही त्यांनीच केली का?

आज हाती असलेलं सर्वांत जुनं भारतीय चित्रपटाचं पोस्टर म्हणून ‘कल्याण खजिना’चं (१९२४) नाव घेतलं जातं, आणि ते बाबूरावांचं आहे. त्याआधी कोणी पोस्टर काढलंच नव्हतं, असा त्याचा अर्थ होत नाही. आधीचं काही उरलं नाही, एवढाच अर्थ.

१६. प्रभातने कंपनी फोडली, असं म्हणणं योग्य आहे का?

दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्या पैशाच्या पाठबळावर १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. पुण्याला ती १९३३ मध्ये गेली. चार मुख्य माणसं एकदम गेल्यावर कंपनी खिळखिळी झाली, हे खरं. पण त्याआधीच व्यवहारात कुरबुरी होत्या, कामाची गती मंदावली होती. बाबूराव हे मनासारखं होईपर्यंत काम हातावेगळं न करणारे कलावंत. तरुण मंडळींना मात्र स्वतःचं काही करायची घाई होती. ‘लंका’ (१९३०) हा अखेरच्या मूकपटांपैकी एक. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट आला आणि उन्हात चालणारी ती जुनी पद्धतच मोडीत निघाली. त्याच सुमारास कंपनी थांबली.

बाबूराव थांबले नाहीत. शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी ‘उषा’ (१९३५) आणि ‘प्रतिभा’ (१९३७) हे बोलपट केले, आणि ‘लोकशाहीर रामजोशी’च्या (१९४७) दिग्दर्शनात गुरू आणि शिष्य शांताराम यांची नावं एकत्र आली. फोडाफोडीची गोष्ट सांगणाऱ्यांनी हेही सांगायला हवं. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव गेले.

१७. यातले चित्रपट कुठे पाहायला मिळतील? कोल्हापुरात काही शिल्लक आहे का?

बहुतेक सगळे गेले. त्या वेळची फिल्म नायट्रेटची, ठिणगी लागली की भडका घेणारी, आणि नीट ठेवली नाही तर आपोआप कुजणारी. बोलपट आल्यावर मूकपटांना गिऱ्हाईक उरलं नाही, आणि कित्येक रिळं त्यांतल्या चांदीसाठी विकली गेली. ‘सैरंध्री’, ‘सिंहगड’, १९२५ चा ‘सावकारी पाश’ आज पाहता येत नाहीत. ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ या १९२७ च्या चित्रपटांचे काही भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेले आहेत. अभ्यासासाठी पाहायचे असतील तर संग्रहालयाकडे रीतसर अर्ज करावा लागतो.

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. १ डिसेंबरला तिथे चित्रपटवाले जमतात. ज्यांच्या घरी कंपनीत काम केलेल्या पणजोबांचे फोटो, पगाराच्या चिठ्ठ्या, जाहिरातीच्या पुस्तिका असतील त्यांना विनंती आहे, की रद्दीत टाकण्याआधी एखाद्या संग्रहालयाला दाखवा. चित्रपटच उरले नाहीत तेव्हा या कंपनीचा पुढचा इतिहास अशा कागदांतूनच लिहावा लागणार आहे.